सोंगाड्यास आडवें कोण जाणार?

गेल्या हिवाळ्यांत आमच्या कऱ्हाडांत एका नामांकित विनोदी नटाचा एकपात्री प्रयोग झाला. दूरचित्रवाणीच्या पडद्यावरून हा नट कित्येक वर्षें घरोघरच्या लोकांस हंसवीत आला आहे. चार-दोन चित्रपटांमुळेंहि त्याचा चेहरा सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. ज्या प्रकारास हल्लीं 'स्टँड-अप' असें इंग्रजी नांव मिळालें आहे, त्या प्रकारें तो हातांत ध्वनिक्षेपक घेऊन दोन तास एकटा उभा राहणार होता. आम्ही सहकुटुंब गेलों. त्या नटाचें नांव आम्ही येथें देत नाहीं, कारण आमची फिर्याद त्याच्यावर नाहीं. ती आमच्यावर आहे, आणि वाचकांची क्षमा मागून सांगतों, त्यांच्यावरहि आहे.

सभागृह भरलेलें होतें. ५०० रुपयांच्या तिकिटांच्या रांगांतून गांवचे डॉक्टर, वकील, प्राध्यापक, साखर कारखान्यांतले अधिकारी आणि त्यांचीं कुटुंबें बसलीं होतीं. पडदा वर गेला, प्रकाशझोत पडला, आणि तो गृहस्थ येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडांतून अजून अक्षर निघालें नव्हतें. पडद्यावर उडवितो तशी त्यानें नुसती भुवई उडविली, तोंच सभागृह हशानें दणाणून गेलें. मग त्यानें आपलें सुप्रसिद्ध पालुपद अर्धेंच म्हटलें. उरलेलें अर्धें श्रोत्यांनीं एका कंठानें पुरें केलें. पुढच्या दोन तासांत बायकोचा संशय, सासूचा पाहुणचार, लठ्ठ मित्राची खुर्ची, लुगडें नेसलेला पुरुष आणि 'ण'चा 'न' करणारा खेडूत, एवढ्या पांच खुंट्यांवर त्यानें आपलें सगळें बिऱ्हाड टांगलें. आम्ही हंसलों. खोटें कशास सांगावें? आमचें कुटुंब हंसलें, कन्या हंसली, आणि पंचवीस वर्षें वर्गांत शेक्सपिअरचे विदूषक शिकविणारे आम्हीहि डोळ्यांस रुमाल लावून हंसलों.

आमच्या शेजारच्या खुर्चीवर मात्र एक फेटेवाले वृद्ध गृहस्थ बसले होते. नातवानें त्यांना मोठ्या हौसेनें आणलें होतें. दोन तासांत त्यांच्या मिशा चार वेळांहून अधिक हलल्या नाहींत. मध्यंतरांतल्या बोलण्यावरून कळलें कीं, ऐन जवानींत ते वाळवें तालुक्यांतल्या एका फडांत सोंगाड्याचें काम करीत असत. खेळ सुटल्यावर जिन्यांत आम्हीं त्यांना विचारलें, "काय आबा, कसा काय वाटला खेळ?"

ते कठड्याला धरून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मास्तर, मानूस गुनी हाय. पर त्येच्या आडवं कुनी गेलंच न्हाई. आडवं गेल्याबिगार सोंगाड्याचं पानी कसं कळायचं?"

दोन तासांच्या त्या प्रयोगांतून जें आम्हांस मिळालें नाहीं, तें या दोन वाक्यांतून मिळालें. हा लेख म्हणजे त्यांचीच फोड आहे.

आडवें जाणें म्हणजे काय, हें ज्या वाचकांनीं तमाशा पाहिला नाहीं (आणि बहुतेकांनीं तो पाहिला नसावा) त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. गण आणि गवळण आटोपली कीं बतावणी येते, आणि मग वग लागतो. बतावणींत सरदार सरळ प्रश्न विचारतो आणि सोंगाड्या वांकडें उत्तर देतो. तें उत्तर सरदार मुकाट्यानें गिळीत नाहीं. तो त्यावर दुसरा प्रश्न घालतो, सोंगाड्यास कोंडींत पकडतो, आणि त्या कोंडींतून निसटतांना सोंगाड्यास जें सुचतें त्यावर हशा पिकतो. ढोलकीवालाहि मधेंच तोंड घालतो. समोर बसलेला एखादा गडी जागेवरून ओरडून सोंगाड्याची खोडी काढतो, आणि तिथल्या तिथें ती खोडी परत करतां आली नाहीं, तर त्या रात्रीपुरता सोंगाड्या संपला. तेथें हशा कोणी आहेरांत देत नाहीं. तो जिंकून घ्यावा लागतो.

ही रीत एकट्या तमाशाचीच आहे असेंहि नाहीं. आमच्या शेजारीं सांगलीस १८४३ सालच्या ५ नोव्हेंबर रोजीं विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' केलें. त्या काळच्या त्यांच्या नाटकांत लिहिलेलीं असत तीं सूत्रधारानें म्हणावयाचीं पदें. पात्रांचीं भाषणें आयत्या वेळचीं. विदूषकास पाठ केलेल्या विनोदाचा आधार नव्हता. सूत्रधाराशीं हुज्जत घालीतच त्याला आपलें पोट भरावें लागे. आमच्या देवळांतले हरिदास उत्तररंगांत आख्यान लावतांना पुढें पेंगणाऱ्या यजमानास खुबीनें टोला हाणीत, आणि यजमानहि तो सोसून पुन्हां बिदागी देत. तेव्हां एका माणसानें उभें राहून चारचौघांस हंसविण्याची कला विलायतेहून आली, असें ज्यांस वाटतें त्यांनीं आपलें घर नीट पाहिलेलें नाहीं. नांव परकें असेल. वस्तु आमचीच आहे. प्रश्न एवढाच आहे कीं ती आम्हीं कशी ठेवली.

पडदा आणि रंगमंच यांचा संबंध कसा असावा, याचा आमच्या भाषेंतला ठळक दाखला दादा कोंडके यांचा आहे. वसंत सबनीस यांचें 'विच्छा माझी पुरी करा' हें लोकनाट्य १९६५ पासून दादा करूं लागले. त्यांतला हवालदार ते स्वतः करीत, आणि प्रयोगांची संख्या दीड हजारांच्या घरांत गेली. संहिता लिहिलेली होती. परंतु समोरचा श्रोता काय बोलतो, त्या दिवशींच्या वर्तमानपत्रांत काय आलें आहे, यावर हवालदाराची जीभ चाले, आणि त्यामुळें एका रात्रीचा प्रयोग दुसऱ्या रात्रीसारखा होत नसे. वगांतल्या राजाला, प्रधानाला आणि कोतवालाला हंसतां हंसतां लोक मुंबईच्या सचिवालयाला हंसून घेत. एवढी तालीम झाल्यावर १९६९ सालीं भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून दादा पडद्यावर आले, आणि १९७१ सालीं 'सोंगाड्या' याच नांवाच्या चित्रपटानें त्यांस महाराष्ट्रभर नेलें. पडद्यावरचे दादा ज्यांस ग्राम्य वाटले त्यांच्याशीं आम्ही येथें वाद घालीत नाहीं. द्व्यर्थी बोलण्याचा पुढें अतिरेक झाला हें आम्हांसहि मान्य आहे. आमचा मुद्दा निराळा आहे. तो चेहरा लोकांनीं आधीं कसोटीवर घासून पाहिला होता, आणि मगच तो पडद्यावर गेला होता.

हल्लीं हा प्रवाह उलटा वाहूं लागला आहे. 'चला हवा येऊ द्या' (२०१४) आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' (२०१८) यांसारख्या कार्यक्रमांनीं विनोदी नटांची एक अख्खी पिढी घरोघर नेली. त्यांतले पुष्कळ जण लहान गांवांतून, एकांकिकांच्या स्पर्धांतून, हालअपेष्टा सोसून वर आलेले आहेत. त्यांच्या हातीं दोन पैसे आले याचा आम्हांस आनंदच आहे. परंतु पडद्यावर वेळ मोजलेला असतो, चुकलेलें कापतां येतें, आणि हंसणारे कोण व कोठें बसलेले असावेत हेंहि आधींच ठरवितां येतें. तेथें मिळविलेली ओळख घेऊन नट जेव्हां आमच्या गांवीं येतो, तेव्हां खरी परीक्षा येथें व्हावयास हवी. होतें तें भलतेंच. रंगमंच ही ओळखीची हुंडी वटविण्याची पेढी होऊन बसते, आणि पेढीवर बसलेले आम्ही ती हुंडी न पाहतां, न तपासतां, दर्शनीं वटवून देतों.

कोणी म्हणेल कीं तमाशाचा न्याय सुशिक्षितांच्या सभागृहास लावूं नये. बरें, सुशिक्षितांचाच दाखला घ्या. पु. ल. देशपांडे यांचें नांव लेखणीनें तर झालेलेंच होतें, आणि 'गुळाचा गणपती' (१९५३) या चित्रपटानें त्यांचा चेहराहि ओळखीचा झाला होता. १९६१ पासून ते 'बटाट्याची चाळ' घेऊन एकटे रंगमंचावर उभे राहूं लागले. समोर कोण बसत? चाळींत राहणारे, किंवा चाळ सोडून नुकतेच स्वतंत्र बिऱ्हाडांत गेलेले कारकून आणि शिक्षक. आणि विषय कोण होता? तेच! त्यांचे उपास, त्यांचें गाणें, गच्चीसाठीं त्यांनीं पुकारलेला लढा. हंसणारा आणि ज्याचें हंसें झालें तो, हे दोघे एकाच खुर्चीवर बसलेले असत, आणि हा व्यवहार दोन्ही बाजूंस मंजूर होता. पुढें १९७९ पासून लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला' करूं लागले. आम्हीं तें विद्यार्थिदशेंत पाहिलें. एकटा माणूस पन्नासांहून अधिक पात्रें उभीं करीत होता, आणि त्यांतलीं बहुतेक खेड्यांतलीं होतीं. परंतु तीं माणसें हंसण्यापुरतीं पकडून आणलेलीं नव्हतीं. विमानांतला आणि लंडनांतला डामडौल आम्हांस त्यांच्या डोळ्यांनीं दिसला, आणि आम्हीं ज्याला सुधारणा म्हणत होतों तिचीच आम्हांस गंमत वाटूं लागली.

आतां त्या रात्रीच्या खेडुताकडे वळूं. तो रंगमंचावर आला तो केवळ 'ण'चा 'न' करण्यासाठीं. एवढी एकच कामगिरी करून तो निघून गेला, आणि सभागृह गडाबडा लोळलें. त्या सभागृहांतल्या निम्म्या लोकांचे वडील किंवा आजोबा तसेंच बोलत असत. आमच्या शेजारचे आबा तर त्या क्षणींहि तसेंच बोलत होते. स्वतःच्या आजोबांच्या बोलीस ५०० रुपये भरून हंसणाऱ्या या मंडळींस आम्ही सुशिक्षित म्हणतों, आणि त्यांत आम्हीहि होतों, हें पुन्हां सांगतों.

या ढोंगाचें मूळ जुनें आहे. पालच्या खंडोबाच्या यात्रेंत तमाशाचा तंबू लागला, कीं आमचे वडील आम्हांस त्या बाजूस फिरकूं देत नसत. 'तें आपलें नव्हे,' एवढेंच ते म्हणत. ज्या रेठरें हरणाक्ष गांवीं १८६६ सालीं श्रीधर कृष्णाजी कुळकर्णी जन्मले, तें कृष्णाकांठचें गांव कऱ्हाडाहून फार दूर नाहीं. हे कुळकर्णी तमाशांत गेले, पठ्ठे बापूराव झाले, अस्पृश्य मानलेल्या समाजांतल्या पवळेबरोबर त्यांनीं फड गाजविला. आणि त्यापायीं त्यांच्या जातीनें त्यांना दूर लोटलें. १९४५ सालीं ते विपन्नावस्थेंत वारले. आज त्यांच्या लावण्यांवर विद्यापीठांत प्रबंध लिहिले जातात, आणि त्यांस दूर लोटणाऱ्यांचे नातू ते प्रबंध तपासतात. मेलेल्या तमासगिराचा गौरव करावयाचा, जिवंत तमासगिराच्या तंबूकडे पाठ फिरवावयाची, आणि तंबूंतलेंच सोंग पडद्यावरून धुऊन आलें म्हणजे मुलाबाळांसह त्यास टाळ्या द्यावयाच्या, असा हा आमचा शिष्टाचार आहे. लुगडें नेसलेला नाच्या कनातींत अश्लील ठरतो आणि वातानुकूलित सभागृहांत 'कौटुंबिक करमणूक' ठरतो. हा फरक कलेचा नव्हे. तो तिकिटाच्या दराचा आहे.

आमच्यावर येणारा दुसरा आक्षेप अधिक सहानुभूतीचा आहे. दिवसभर राबून आलेल्या माणसास दोन घटका हंसूं द्या, तेथें तुमची परीक्षा कशास हवी, असें एक स्नेही आम्हांस म्हणाले. या म्हणण्यांत माणुसकी आहे हें खरें. परंतु सुगी आटोपून, बैल सोडून, घोंगडें पसरून रात्रभर तमाशापुढें बसणारा शेतकरी आमच्याहून कमी राबलेला होता काय? त्याचा शीण आमच्या शिणाहून मोठा होता. तरी त्यानें आपलें हंसूं फुकट वांटलें नाहीं. सोंगाड्याचें सोंग पडलें तर तो शिट्ट्या घाली, नाहींतर घोंगडें ओढून आडवा होई. त्याच्या त्या कठोरपणानेंच चांगले सोंगाडे तयार झाले. थकलेल्या माणसास हंसविणें हें नटाचें काम आहे. नट बिचारा थकला असेल म्हणून आपणच हंसून घेणें, हें श्रोत्याचें काम खास नव्हे.

येथवर आम्हीं एका टोकाविषयीं लिहिलें. दुसरें टोक याहून भयंकर आहे, आणि तें अलीकडेच सर्वांनीं पाहिलें. कुणाल कामरा या विनोदकारानें आपल्या एका कार्यक्रमांत, त्या वेळीं उपमुख्यमंत्री असलेल्या एकनाथ शिंदे यांच्यावर रोख असलेलें विडंबनगीत म्हटलें. त्यावरून २३ मार्च २०२५ रोजीं मुंबईंत खार येथें, ज्या सभागृहांत त्या कार्यक्रमाचें चित्रण झालें होतें, त्याची शिवसेनेच्या कार्यकर्त्यांनीं मोडतोड केली. शिंदे हे मूळचे आमच्याच सातारा जिल्ह्यांतले, म्हणून या बातमीची चर्चा आमच्या गांवींहि चहाच्या पेल्याबरोबर पुष्कळ झाली. तें गीत चांगलें होतें कीं वाईट, त्यांतला आरोप रास्त होता कीं नाहीं, यावर दोन मतें असूं शकतात. खुर्च्या मोडण्यावर दोन मतें असूं शकत नाहींत. सांगलीच्याच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० सालीं इंग्रज सरकारनें बंदी घातली, कारण कीचकाच्या सोंगांत लोकांस लॉर्ड कर्झन दिसूं लागला होता. परक्या सरकारची ती भीति आम्ही वर्गांत शिकवितों, मुलें हंसतात. स्वतःच्या राज्यांत तीच भीति हातोडा घेऊन येते, तेव्हां मात्र आम्ही खालच्या मानेनें वर्तमानपत्राचें पान उलटतों.

कोणी म्हणेल कीं, आडवें जावें असें तुम्हींच सांगितलें. ते कार्यकर्तेहि आडवेच गेले कीं! हा शब्दांचा खेळ झाला. आडवें जाणारा गडी सोंगाड्यास बोलावयास लावतो. मोडतोड करणारा त्याचें बोलणें बंद करतो. एकाला पुढचें उत्तर ऐकावयाचें असतें, दुसऱ्यास उत्तराचीच धास्ती असते. आणि आमचें म्हणणें असें आहे कीं, हीं दोन्हीं टोकें एकाच झाडाचीं आहेत. जो समाज विनोदकारापुढें आधींच हंसून मोकळा होतो, त्याला विनोद ऐकून घेण्याची संवय राहत नाहीं. आणि ज्याला ऐकून घेण्याची संवय नाहीं, त्याला एखादे दिवशीं खरा टोला बसला म्हणजे उत्तर सुचत नाहीं, दगड सुचतो.

नट हा मोठा धोरणी प्राणी असतो. आपल्या श्रोत्यांस काय पचतें आणि काय पचत नाहीं, हें त्याला पहिल्या पांच मिनिटांत समजतें. त्या रात्रीं विषय शोधावयास त्याला दूर जाण्याचें कारण नव्हतें. ते पहिल्या चार रांगांत बसले होते. वर्गांत न फिरकणारे विद्यार्थी आणि तरीहि भरणारें हजेरीपत्रक, हा आमचाच विषय होता. 'जातीची अट नाहीं' असें वधूवरांच्या जाहिरातींत छापून कंसांत पोटजात घालणारे गृहस्थ तेथें होते. उसाच्या थकलेल्या बिलांवर व्यासपीठावरून कळवळणारे आणि खालीं उतरल्यावर तीं विसरणारे होते. एका रुग्णास पांच तपासण्या लिहून देणारे होते. यांपैकीं एकाहि विषयास त्यानें स्पर्श केला नाहीं, आणि तो भ्याला म्हणून नव्हे. त्याची गरजच पडली नाहीं. भुवईवर जेथें टाळ्या मिळतात, तेथें जीभ धोक्यांत कोण घालील? आम्हीं पहिल्याच हशानें त्याला कळविलें कीं, गृहस्था, श्रम नको. आम्हांस हलवूं नको, म्हणजे झालें. तो गुणी माणूस होता. त्याला आळशी करून परत पाठविण्याचें पाप आमचें आहे.

कऱ्हाडचे श्रोते पूर्वींपासून असेच होते, असें मात्र कोणी समजूं नये. १९७५ सालीं, आणीबाणी चालूं असतांना, याच गांवीं साहित्य संमेलन भरलें. अध्यक्ष दुर्गा भागवत होत्या, आणि केंद्रीय मंत्रिमंडळांत असलेले यशवंतराव चव्हाण आपल्या या गांवच्या संमेलनास हजर होते. सत्तेस न रुचणारा शब्द त्या बाईंनीं तेथें निर्भयपणें उच्चारला, आणि या गांवानें तो ऐकून घेतला. तो प्रसंग विनोदाचा नव्हता, हें आम्ही जाणतों. परंतु अप्रिय शब्द बसून ऐकण्याची जी तयारी गंभीर भाषणास लागते, तीच चांगल्या विनोदासहि लागते. ती या मातींत एकदां दिसलेली आहे.

तेव्हां आमचें मागणें फार मोठें नाहीं. विनोदी नटाचे प्रयोग अवश्य पाहावे, पैसे देऊन पाहावे, मुलांस नेऊन पाहावे. परंतु त्यानें कांहीं म्हणेपर्यंत हंसूं नये. पडद्यावर ऐकलेलें पालुपद त्यानें येथें पुन्हां म्हटलें, तर त्याला तें एकट्याला म्हणूं द्यावें. मोबाइल खिशांत ठेवावा. जो हात चित्रण करण्यांत गुंतला आहे, त्याचा धनी ऐकत नसतो. बायकोवरचा, लठ्ठावरचा आणि खेडुताच्या बोलीवरचा विनोद आला म्हणजे स्वस्थ बसावें. सभ्य माणसाचें आडवें जाणें म्हणजे हीच स्वस्थता, आणि नटास ती शिट्टीहून अधिक बोंचते. त्यानें कधीं धीर करून आमच्यावर, आमच्या पेशावर, आमच्या जातीवर, आमच्या पुढाऱ्यावर टोला हाणलाच, तर तेथें मोकळ्या मनानें हंसावें. न पटला तर बाहेर येऊन तसें लिहावें, बोलावें. आणि वर्षांतून एकदां तरी एखाद्या यात्रेंतल्या तमाशाच्या कनातींत जाऊन बसावें, म्हणजे ही विद्या कोठून आली तें तरी कळेल.

तो नट पुढच्या वर्षीं पुन्हां येणार असल्याचे फलक बसस्थानकाजवळ लागले आहेत. आम्ही जाणार आहोंत. आबांच्या नातवास आम्हीं निरोप धाडला आहे कीं, त्यांचें तिकीट आमच्याकडून, आणि जागा पहिल्या रांगेंत, अगदीं मधोमध.